आईनं चार्ज दिला

३१ मे २०२४ ला आईनं अंगणवाडीचा चार्ज दिला. वयाची ६५ वर्षं भरली की सेविकेची सेवा संपते, तशी तिची त्या दिवशी संपली. यवतमाळ जिल्ह्यातला मे महिना म्हणजे सकाळी नऊलाच टिनाखाली बसवत नाही. त्या उकाड्यात शेजारच्या गावची सेविका आली, सुपरवायझर मॅडम आल्या आणि दीड पानाची यादी वाचायला सुरुवात झाली. टांगता वजनकाटा एक. बाळांचा काटा एक. उंची मोजायची पट्टी. दंडाचा घेर मोजायच्या फिती. कुकर, दोन मोठे गंज म्हणजे पातेली, झारा, स्टीलच्या ताटल्या. सतरंज्या. लाकडी ठोकळ्यांचा डबा. औषधांची पेटी. मोबाइल, चार्जरसह. आणि रजिस्टरं: सर्वेक्षणाचं, हजेरीचं, आहारवाटपाचं, लसीकरणाचं, गरोदर आणि स्तनदा मातांचं, वजनाचं, गृहभेटींचं. एकेका वस्तूपुढे बरोबरची खूण होत गेली. मग दोघींच्या सह्या, मॅडमची सही, तारीख. जेवणाच्या वेळेच्या आत सगळं आटोपलं.

मी रजा टाकून यवतमाळहून गेले होते. यादी ऐकताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती आणि आज लिहायला बसले तेही तिच्याचसाठी. या बाईला जे येतं ते त्या दीड पानात कुठंच नव्हतं. बरं, ते घ्यायला समोर कुणी बसलेलंही नव्हतं. चार्ज घेणारीची स्वतःची अंगणवाडी तिच्या गावात आहे. आमच्या गावचं काम तिच्याकडे अतिरिक्त म्हणून आलं, नवी भरती होईपर्यंत. ती भरती व्हायला पुढं कित्येक महिने गेले. जाणारी आणि येणारी, या दोघींची त्या छपराखाली एक सकाळसुद्धा गाठ पडेल अशी सोय कुणी केलेली नव्हती.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्या मेळघाटातलं धारणी त्या पहिल्या ३३ मध्ये होतं. आमच्या गावापर्यंत ती पोचायला आणखी काही वर्षं लागली. आई १९८६ ला लागली. दहावी झालेली सून गावात तेव्हा एकच होती, त्यामुळे निवडीला फारसा वेळ लागला नाही. पावणेतीनशे रुपये मानधन. इमारत म्हणजे मारुतीच्या देवळाचा ओटा, आणि पाऊस आला की आमची ओसरी. माझं लहानपण त्या ओसरीतल्या गलक्यात गेलं. देवळात उंदीर लागायचे म्हणून धान्याची पोती आमच्या मधल्या खोलीत असायची, आम्ही भावंडं त्या पोत्यांना टेकून अभ्यास करायचो.

कागदावर कामाचे तास चार. पण कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाच्या लेकराला हगवण लागली की रात्री बारालाही दारात हाक यायची, "बाई, उठता का वो?" बाबा दिवसभर वावरात राबून आलेले असायचे, तरी कंदील घेऊन सोबत निघायचे. शिवाय पोलिओचे डोस, मतदारयाद्या, बचत गट, करोनाच्या काळातलं घरोघरचं सर्वेक्षण. गावात सरकारचं जे काम यायचं त्यातलं बरंचसं फिरून तिच्याच दारात यायचं.

पण तिचं खरं काम वजनाचं.

महिन्याच्या सुरुवातीला वजनं व्हायची. देवळाच्या आडव्या लाकडाला दोरीनं काटा टांगायचा, आकड्याला कापडी चड्डी अडकवायची आणि चड्डी अडकवलेली असतानाच सुई शून्यावर आणायची. हे ती कधी चुकवायची नाही. मग लेकरू. चड्डीत घालून टांगलं की ते ओरडून गाव गोळा करायचं, पाय झाडायचं आणि सुई नाचायला लागायची. घाईत असलेलं माणूस नाचत्या सुईचा मधला आकडा लिहून मोकळं होतं. आई लेकराच्या टाचेला नुसतं बोट लावायची. उचलायची नाही, दाबायची नाही. ते काय आहे हे बघायला लेकरू खाली मान घालायचं, रडणं विसरायचं, सुई थांबायची. तेवढ्यात आकडा घ्यायचा.

त्याच्याही आधी एक गोष्ट व्हायची, जी मला फार मोठी झाल्यावर लक्षात आली. लेकराच्या आईकडून लेकरू घेताना ती त्याला एकदा स्वतःच्या कडेवर बसवायची, किंचित वर उसळवायची आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. सव्वासात. साडेआठ. काटा मागून तेच सांगायचा. पाव किलोच्या वर फरक पडलेला मला आठवत नाही. पडलाच, तर ती आधी काट्यावर शंका घ्यायची आणि घरून दोन किलोचा बाट मागवून तो तपासायची. लेकरू जन्माच्या दुप्पट पाचव्या महिन्यात व्हावं, तिप्पट वर्षाचं झाल्यावर, हे प्रशिक्षणात सगळ्याच सेविकांना शिकवतात. कडेवरचा अंदाज कुणी शिकवत नाही. तिला विचारलं की म्हणते, "तब्येतीचं लेकरू पाय आवळून बसते. अशक्त असलं का नुसतं टेकते." मी ज्यांना ज्यांना हे सांगितलंय, त्यात दवाखान्यात काम करणारी माझी एक मैत्रीणही आहे. ती म्हणाली, बरोबर आहे, कुपोषणात स्नायू झिजतात, लेकराची पकडच जाते. आईला स्नायूंबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं. तिच्या कमरेला ते कळत होतं.

बाहेरच्यांना अंगणवाडी म्हटलं की तीन ते सहा वर्षांची पोरं दिसतात, गाणी म्हणणारी, रांगेत बसून खिचडी खाणारी. आई म्हणते, ती पोरं बहुतेक तरलेली असतात. स्वतःच्या पायानं येतात, भूक लागली तर मागतात. लेकरू घसरतं ते त्याच्या आधी, सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत. अंगावरचं दूध एकटं पुरेनासं होतं, वरचं खाणं धड सुरू झालेलं नसतं, आणि त्याच वयात ते घरात असतं, सेविकेच्या नजरेआड. त्यामुळे तिनं घरं धरली. कुठल्या महिन्यात कुणाच्या दारात उभं राहायचं हे तिचं ठरलेलं असायचं आणि ते सगळं शेतीवरून ठरायचं.

मृगाच्या पाण्यानंतर पहिली हगवणीची साथ. आषाढ-श्रावणात बाया निंदायला जातात, घरातली ज्वारी संपत आलेली असते, लेकरांची वजनं थांबतात. दिवाळीपासून कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर, जेवढा कापूस जास्त तेवढा पैसा, म्हणून लेकराची आई दिवस उजाडताच निघते आणि आठ-नऊ महिन्यांचं लेकरू सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या काखेत येतं. ती बिचारी त्याला काय देणार? चहात बुडवलेलं बिस्कीट. दुकानातलं पाच रुपयांचं तिखट-मिठाचं पाकीट. लेकरू गप्प बसतं, पोट भरल्यासारखं वाटतं आणि महिन्याच्या काट्यावर पाव किलो खाली येतं. फाल्गुन-चैत्रात मोहफुलं वेचायला पहाटे जंगल. वैशाखात तेंदूपत्ता. अंगणवाडीच्या रजिस्टरात बारा महिने सारखे असतात, गावात ते सारखे नसतात.

वेचणीच्या दिवसांत आई या बहिणींना धाकट्यांसकट अंगणवाडीत बोलवायची. मोठीनं गाणी म्हणायची, शिकायचं, आणि धाकट्याला मदतनीस मावशी मांडीवर घेऊन चमच्यानं मऊ खिचडी भरवायची. तीन वर्षांखालच्या पोरांना शिधा घरी न्यायला द्यायचा असतो, तिथं बसवून भरवायचं नसतं. कुणी विचारलं तर आई सांगायची, "हे लेकरू बहिणीसोबत आलं, उपाशी कसं बसवू?" तिला कुणी फार ताणलं नाही.

सहा महिन्यांवरच्या मुलांसाठी मधली काही वर्षं पाकिटातला आहार यायचा, पाण्यात शिजवून घ्यायचा. गावात तो चालायचा नाही. चव लागायची नाही, बकऱ्यांना घातलेला मी पाहिलाय. आईनं त्यावर भाषणं दिली नाहीत. ती एखाद्या घरी जायची, त्यांच्याच चुलीवर त्यांच्याच गंजात ते पीठ थोड्या तेलात भाजायची, गूळ घालायची आणि आधी आजीच्या हातावर ठेवायची. लेकराला मागून. तिचं म्हणणं होतं, सुनेला सांगून उपयोग नाही, गंज सासूच्या हातात असतो. आजीला पटलं की त्या घरचा प्रश्न मिटला. पुढं पुढं ती ज्वारीच्या कण्यांत तुरीचं वरण कालवून त्यात एक चमचा तेल, एवढंच सांगायची. घरात असतं तेच. वरून तेल घालायचं तेवढं नवीन.

दोन गोष्टी मला मुद्दाम नोंदवायच्या आहेत, कारण त्या आमच्या भागाच्या आहेत आणि पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात त्यांना फारशी जागा नसणार.

पहिली पाण्याची. यवतमाळ जिल्ह्यात कित्येक गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. खोल बोअरिंगला ते जास्त लागतं. आईला हे आकडे पुष्कळ उशिरा कळले. तिला दिसले होते दात. गावाच्या एका टोकाच्या पोरांचे नवे आलेले दात खडूसारखे पांढरट, मग त्यांवर तपकिरी रेघा. दुसऱ्या टोकाची पोरं त्याच जातीची, तसंच खाणारी, पण दात स्वच्छ. दोन्ही टोकांमध्ये फरक फक्त एका बोअरिंगचा. तिनं त्या वस्तीतल्या बायांना स्वयंपाकाला आणि पिण्याला जुन्या विहिरीचं पाणी आणायला लावलं, लांब पडायचं तरी. पाण्याची तपासणी होऊन त्या बोअरिंगच्या पंपाला, हे पाणी पिऊ नका म्हणून, लाल रंग लागला तो त्यानंतर काही वर्षांनी.

दुसरी सिकलसेलची. विदर्भात हा आजार कित्येक घरांतून आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, जिथं अडकतात तिथं असह्य दुखतं. असं लेकरू वजनाला वाढत नाही, त्यामुळे कागदावर ते कुपोषित म्हणून बसतं आणि त्याला खायला घाला, खायला घाला एवढंच चालू राहतं. आमच्या गल्लीत एक मुलगा होता, दीड वर्षाचा असेल. दोन्ही हातांचे पंजे वरून फुगायचे, दोन-चार दिवस नुसता कण्हायचा, मग उतरायचं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा. घरचे म्हणत नजर लागली. आईनं त्याचे डोळे उन्हात धरून पाहिले, पिवळसर होते. त्याच्या आईचा थोरला भाऊ तरुणपणी असाच सांधे धरून गेला होता, हे आईला ठाऊक होतं, कारण ती त्या माहेरच्या गावालाही लग्नाकार्याला जायची. ती स्वतः त्यांना घेऊन दवाखान्यात गेली आणि रक्त तपासायला लावलं. तो मुलगा आता चांगला पंचविशीचा आहे, औषधं घेतो, थंडीत जपून राहतो, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. पंजे सुजणं, डोळे पिवळे असणं आणि मामाचं मरण या तीन गोष्टी एका रेषेत आणणारी बाई त्या गावात दुसरी नव्हती.

मोजण्याच्या पद्धती बदलत गेल्या. आधी पहिली ते चौथी अशा ग्रेड होत्या. मग वजनाच्या तक्त्यावर हिरवा, पिवळा, नारंगी; नारंगी म्हणजे वजन फारच कमी. मग उंचीच्या मानानं वजन आणि दंडाचा घेर, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की लेकरू तीव्र कुपोषित. सगळं मोबाइलवर भरायला लागलं तेव्हा आईचं वय साठीच्या पुढं होतं आणि अ‍ॅपवर इंग्रजी. तिनं आकडे कागदावर घ्यायचे आणि रात्री शेजारच्या अकरावीतल्या पोरीकडून भरून घ्यायचे असं वर्षभर केलं. मग स्वतः शिकली. त्याचं तिला विशेष काही वाटलं नाही.

वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका वर्षी पावसाळ्यानंतर तिच्या तक्त्यावर नारंगीमध्ये एकदम बरीच पोरं आली. वरून विचारणा झाली, आजूबाजूच्या गावांत इतकी नाहीत, तुमच्याकडंच कशी? पुन्हा वजनं घ्या. तिनं पुन्हा घेतली, आकडे तेच. पुन्हा घ्या म्हणाले. कुणी स्पष्ट शब्दांत काही सांगितलं नाही, पण काय हवं होतं ते कळत होतं. तिनं तिसऱ्यांदा काटा टांगला, गावातल्या चार माणसांना समोर बसवलं आणि त्यांच्यासमोर आकडे लिहिले. मी तेव्हा कॉलेजला होते, सुटीत आले होते. रात्री ती बाबांना म्हणाली, "मी अर्धा किलो वाढवून लिहिलं तर कागद हिरवा होईन. लेकरू काहून होईन?" त्या पोरांसाठी गावात महिनाभर केंद्र चाललं, दिवसातून कितीतरी वेळा थोडं थोडं खायला घालायचं. बहुतेक पोरं सावरली. एक गेलं. त्याचं नाव ती अजून घेते, मी इथं लिहीत नाही.

गावापासून तीन किलोमीटरवर कोलामांचा पोड, म्हणजे वस्ती, आहे. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कातकरी आणि माडिया गोंडांसोबत तिचं नाव येतं. पोडावर तेव्हा वेगळी अंगणवाडी नव्हती, मग तो आईकडेच. पहिली दोन-तीन वर्षं तिला पाहिलं की बाया लेकरं घेऊन आत जायच्या. ती नुसती बसून यायची. पाणी प्यायची, बसायची, यायची. कोलामी समजायला लागली, बोलायला थोडी थोडी जमली. सुई टोचायला येणारीसोबत ती उभी असेल तरच लेकरं बाहेर यायची असा काळ आला, त्याला किती वर्षं लागली असतील देव जाणे. नव्या सेविकेला पोडाची यादी मिळाली. कुटुंबसंख्या, गरोदर माता, शून्य ते सहा वयोगट. तिथं जाऊन काय बोलायचं आणि किती वेळ गप्प बसायचं, हे त्या यादीत कोण लिहिणार?

पैशाचं थोडक्यात सांगते. केंद्राचं मानधन २००८ ला १,५०० झालं, २०११ ला ३,०००, २०१८ ला ४,५००. राज्य त्यात आपली भर घालायचं. आई निवृत्त झाली तेव्हा हातात दहा हजार पडत होते. पेन्शन नाही. सेविकेला निवृत्तीनंतर एकरकमी एक लाख रुपये मिळतात, तेवढंच. २५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या प्रकरणात निकाल दिला की सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, १९७२ चा कायदा त्यांना लागू होतो. आईनं त्या बातमीचं कात्रण गहू-तांदळाच्या हिशेबाच्या वहीत जपून ठेवलंय. डिसेंबर २०२३ पासून जानेवारीअखेरपर्यंत राज्यभर संप झाला त्यात ती होती, निवृत्तीला चार-पाच महिने उरलेले असताना. लोक म्हणाले, आता तुला काय फायदा? ती म्हणाली, मागच्या पोरींना होईल. अंगणवाडीला कुलूप होतं. नारंगीमधल्या दोन लेकरांच्या घरी मात्र ती एक दिवसाआड जाऊन यायची.

निरोपाला गावानं साडी-चोळी केली, नारळ दिला, सरपंच बोलले, ज्यांना तिनं चड्डीत घालून टांगलं होतं ते बाप होऊन समोर बसले होते. छान झालं सगळं. मला रडू आलं, तिला नाही.

नंतरचे महिने तिला जड गेले. सकाळी नऊ वाजले की ती उगाच अंगणात यायची. बाबा म्हणायचे, बस आता, तूर निवड, नातवंडं बघ. ती करायची सगळं. पण लग्नात, पोळ्याला, बाजारात कुणाचंही लेकरू दिसलं की तिचे हात पुढं व्हायचे. कडेवर घ्यायची, उसळवायची, ओठ हलायचे. आकडा आता कुठं लिहायचा नव्हता. अतिरिक्त चार्जवाली सेविका आठवड्यातून दोनदा येऊ शकायची, तिचीही ओढाताण होत होती, तिला बोल लावण्यात अर्थ नाही. तान्हा पोळ्याला दरवर्षी अंगणवाडीतली पोरं लाकडी बैल घेऊन आमच्या दारावरून जायची. त्या वर्षी ती मिरवणूक निघाली नाही, पोरं घरोघरी सुटी सुटी बैल ओढत फिरली. आईनं आलेल्या प्रत्येकाला बोजारा, म्हणजे बैलामागची भेट, दिला आणि कोण आलं नाही ते मला संध्याकाळी फोनवर सांगितलं.

नवी सेविका २०२५ मध्ये आली. गावातलीच सून, बी.ए. झालेली, मोबाइल सफाईनं चालवणारी, आवाज चांगला. तिच्या नवऱ्याचं पहिलं वजन आईनंच घेतलेलं. पोरगी गुणी आहे, मला ती मनापासून आवडली. पहिल्या महिन्यात एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली, जरा बिचकत, कारण निवृत्त बाईला विचारणं बरं दिसेल की नाही असं तिला वाटत होतं. एका लेकराचं वजन दोन महिने जागचं हलत नव्हतं. शिधा नेतात, दाखवतात, खाऊ घालतो म्हणतात.

"काकू, सारं सांगून पाहिलं. वाढूनच नाही रायलं."

"लेकराकडं नको पाहू," आई म्हणाली. "अकरा वाजता त्याच्यापाशी कोन रायते, ते पाय."

दोघी दुसऱ्या दिवशी अकराला गेल्या. लेकरापाशी पणजी होती, डोळ्यांनी अधू. ती प्रेमानं भरवत होती, पण अर्धं सांडत होतं आणि सांडलेलं कोंबड्या खात होत्या. तिला दिसत नव्हतं. शेजारच्या घरात एक बाळंतीण दिवसभर घरीच असते, तिच्याकडे लेकरू अकराला नेऊन द्यायचं ठरलं. उपाय एवढासाच. मोबाइलवर तो कुठल्या रकान्यात भरायचा याचं त्या पोरीला कोडं पडलं.

तेव्हापासून ती येते. आईच्या चेहऱ्यात फरक पडलाय हे खरं. मला त्याचा आनंद आहे आणि तरीही मला हे असं चाललेलं पसंत नाही. हे आईच्या चांगुलपणावर चाललंय. आईची तब्येत बिघडली, किंवा या पोरीला विचारायला संकोच वाटला असता, किंवा दोघींच्या घरांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण असतं, जे गावात असू शकतं, तर अडतीस वर्षांचं ते सगळं कमरेसोबत घरी बसलं असतं. सेविका कधी पासष्टची होणार हे तिच्या जन्मतारखेवरून आधीच ठाऊक असतं. भरती सहा महिने आधी करा. जुनी आणि नवी दोघींना एक पावसाळा आणि एक वेचणी एकत्र काढू द्या, दोघींना मानधन देऊन. नवीला प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर जुनीसोबत उभं राहू द्या. तलाठी तलाठ्याला दप्तर देतो, हेडमास्तर हेडमास्तराला चाव्या देतो, ते कागद-किल्ल्यांचं काम असतं, एका दिवसात होतं. अंगणवाडीत द्यायचं असतं ते माणसांचं माहीत असणं, आणि ते द्यायला शेतीचं एक अख्खं वर्ष लागतं. खर्च किती येईल? एका गावामागे काही हजार रुपये. एका लेकराला जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली तर एवढे पैसे त्या घरचे उसने काढून घालवतातच.

हे मी आईला वाचून दाखवलं. तिनं पैशाचं ऐकून घेतलं, म्हणाली बरोबर आहे, लिही. मग म्हणाली, पण पोडाचं आधी कर, त्याला थांबता येत नाही.

तर येत्या सोमवारी दोघी पोडावर जाणार आहेत. वेचणी सुरू झाली आहे, साडेसहाच्या आत पोचलं नाही तर बाया निघून जातात. नवीनं स्कूटी आणते म्हटलंय आणि आईनं मागं बसायचं कबूल केलंय. वरच्या अंगाला एक पहिलटकरीण आहे, सातवा महिना, अजून एकदाही तपासायला आलेली नाही. तिच्या सासूशी आईनं बोलायचं आणि तिच्याशी नवीनं, असं ठरलंय.